चाळणीच्या खोलीतले तात्या

तात्यांना "किती?" असं विचारलं की ते "कशासाठी?" असं उलट विचारायचे. राख किती घालायची? कशासाठी? किती वेळ ढवळायचं? कशासाठी? एकदा वैतागून मी नुसतं "चहात साखर किती घालू?" म्हटलं, तर म्हणाले, "कोण पिणार हाय त्यावर हाय." अशा माणसाकडे मला माझ्या एम. ई.च्या प्रबंधासाठी आकडे गोळा करायला पाठवलं होतं. प्रबंधात आकडे नसतील तर उरतं काय? मुखपृष्ठ आणि आभार. त्या दीड वर्षात तात्यांनी माझे जे हाल केले ते आठवले की आजही माझं डोकं तापतं, आणि ते ऐकायला तात्या नाहीत म्हणून जास्तच तापतं.

बारामतीच्या एमआयडीसीच्या अगदी कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. मूळ गाव कोऱ्हाळे बुद्रुक. एका साखर कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात तर हे बुश बनवायला लागले. पंपाचा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्या कड्यात फिरतो त्या कड्याला बुश म्हणतात. आमच्या इंदापूरकडे उजनी धरणाच्या फुगवट्यावर रांगेनं पंप बसवलेले आहेत आणि ते पाणी गाळाचं. पितळी बुश एका हंगामात खलास व्हायचा. तात्या तो रेझिनचा, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या चिकाचा, ओतायचे. नुसतं रेझिन लवकर झिजतं, पण त्यात बारीक भुकटी मिसळली की ते टिकाऊ होतं, आणि ती भुकटी म्हणजे कारखान्याच्या बॉयलरमधली उसाच्या चिपाडाची राख. कुठली भुकटी किती घातली की ताकद किती वाढते आणि झीज किती कमी होते, नेमका हाच माझा प्रबंधाचा विषय. कॉलेजातले माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पुस्तकं पुरेत. एक म्हातारा कित्येक वर्षं हेच करतोय, त्याच्याकडे जा." मी वरकुट्याची, शेतकऱ्याची मुलगी, आमच्या घराण्यातली पहिली इंजिनिअर. म्हटलं, म्हाताऱ्यांशी कसं बोलायचं ते मला शिकवायला नको. शिकावं लागलं.

पहिल्या दिवशी ते शेगडीसमोर बसून कढईत राख भाजत होते. मोठा झारा, मंद आच, हात एका लयीत. मला वाटलं काही खायचं आहे. राख भाजतात हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं, ओव्हनमध्ये वाळवतात असं वाचलं होतं. तात्या मधूनच कढईवर स्टीलची थंड ताटली धरायचे, ताटलीवर वाफ धरली की "अजून न्हाय" म्हणून पुन्हा हलवायला लागायचे. मग चिमूटभर राख तळहातावर घेऊन नाकाशी न्यायचे. "वली राख वासावर कळती," ते म्हणाले. तीन तास मी स्टुलावर बसून होते. शेवटी विचारलं, "तात्या, तापमान किती ठेवता?"

"रवा भाजताना तुजी आई थर्मामीटर लावती व्हय गं?"

मी दुसऱ्या दिवशी भाजणं वगैरे बाजूला ठेवून पोत्यातली राख सरळ रेझिनमध्ये घातली आणि कॉलेजच्या मिक्सरनं पाच मिनिटांत फेटून टाकली. चाचणीसाठी ओतलेल्या पट्टीत इतके बुडबुडे होते की ती आंबोळी म्हणून खपली असती. तात्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, काही बोलले नाहीत, नुसती कढई माझ्याकडे सरकवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलले असते तर परवडलं असतं.

ती कढई काकूंची, म्हणजे तात्यांच्या बायकोची. काकू डबा घेऊन आल्या की आधी कढईकडे बघत आणि मग नवऱ्याकडे. "लेकाच्या लग्नाच्या जिलब्या हिच्यात तळल्या," त्या मला सांगत, "आता बघ, राख!" तात्या म्हणत, "जिलबी एक दिस खाल्ली. बुश तीन वर्सं चालतो." यावर काकू डबा जरा जोरातच ठेवत.

मोजमापाचं तर विचारूच नका. मी अर्ध्या ग्रॅमच्या अचूकतेसाठी मरत होते आणि तात्या मुठीनं राख घालत होते. एक दिवस मी हट्टानं वजनकाटा मांडला आणि त्यांना दहा वेळा मूठ भरायला लावली. ते मुकाट भरत गेले. दहाच्या दहा मुठी जवळजवळ सारख्या भरल्या. माझा काटा थोडा हलला असेल तेवढाच फरक. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी चिडले. माणसाच्या हाताला एवढं बरोबर असायचा हक्क नसतो असं मला तेव्हा वाटायचं.

एक मात्र कबूल करते, सरांनी तीन व्याख्यानांत सांगितलेलं त्यांनी एका लाडवात सांगितलं. राख थोडी थोडी वाढवली की पट्टीची ताकद वाढायची, आणि एका टप्प्यानंतर आणखी घातली की ती ताडकन तुटायची. कॉलेजच्या मशीनवर पट्ट्या ओढून तोडताना मला ते दिसत होतं, पण का ते नीट सांगता येत नव्हतं. तात्या म्हणाले, "बुंदीचा लाडू वळलाय का कधी? पाक कमी, बुंदी जास्ती झाली की लाडू फुटतो. परत्येक दाण्याला पाक लागला पायजे. हितं रेझिन म्हंजी पाक." मी ते इंग्रजीत दोन पानं करून लिहिलं. सरांनी त्या पानांवर 'उत्तम' असा शेरा मारला. लाडवाचा उल्लेख मी केला नव्हता.

आता त्या खोलीविषयी सांगते. शेडच्या मागच्या बाजूला एक लहान खोली होती. भाजलेली राख तिथं चाळली जायची आणि दोन भुकट्या एकत्र करायच्या असल्या तर तेही तिथंच व्हायचं. तात्या आत जाताना तोंडाला टॉवेल गुंडाळायचे, नाक मात्र उघडंच ठेवायचे, पाण्याची बादली घ्यायचे आणि आतून कडी लावायचे. मी पहिल्याच आठवड्यात मागोमाग गेले तर दारातच हात आडवा. "पोरी, भाईर थांब."

"तात्या, कणाचा आकार मला बघायलाच लागेल. प्रबंधात तक्ता आहे त्याचा."

"चाळून झालेली देतो की. मोज किती मोजायची ती."

"पण कशी चाळता ते?"

"हातानं."

आणि कडी. आतून चाळणीचा खसखस आवाज यायचा आणि मी बाहेर वही घेऊन मूर्खासारखी उभी. तासाभरानं ते भुवयांपासून पायांपर्यंत राखाडी होऊन बाहेर यायचे, खोकायचे, चूळ भरायचे आणि डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकायचे. "गूळ खाल्ला की धूळ उतरती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कारखान्यात राख काढणारी, गिरणीवाली, खडी फोडणारी सगळी माणसं असंच मानतात, मीही लहानपणापासून ऐकलेलं. मी एकदा चांगला, दोन गाळण्यांचा मास्क आणून दिला. त्यांनी तो खुंटीला अडकवला. तिथं तो शेवटपर्यंत नवाकोरा राहिला. "गूळ हाय की," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "तात्या, गूळ पोटात जातो, धूळ छातीत जाते. रस्ते वेगळे आहेत." ते मला एक खडा द्यायचे. वाद संपला.

माझी मात्र खात्री पटली होती की आत गुपित आहे. धंदा त्यांचा, मिश्रण त्यांचं, लपवणारच. फक्त सरळ सांगावं, उगाच "भाईर थांब" कशाला?

एव्हाना माझे झिजेचे प्रयोग सुरू झाले होते. फिरत्या पोलादी चकतीवर तुकडा दाबून धरायचा आणि आधीचं नि नंतरचं वजन करायचं. राख जास्त तितकी झीज कमी, असं सरळ चित्र दिसत होतं. ताकद थोडी घटली तरी बुशाला काय ओढून तोडायचंय? मी भरपूर राखेचं, दगडासारखं मिश्रण केलं आणि तात्यांना दाखवायला नेलं. नखानं टोकरून ते म्हणाले, "कडक हाय. कशासाठी?"

"झिजू नये म्हणून!"

"कुणी?"

मी तुकडा पिशवीत टाकला. म्हातारा जळतोय, असं मनात म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं. मग तात्यांना न सांगता त्या मिश्रणाचा बुश कॉलेजात ओतून घेतला आणि घरी वरकुट्याला नेऊन आमच्याच पंपात बसवला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कोण अभिमान! फुगवट्यावर शेजारच्या पंपवाल्यांना बोलावून ते सांगत होते, "लेकीनं केलाय. पितळंचा बाप हाय."

दीड महिन्यात पंप थरथरायला लागला. भर उन्हाळा, उसाला पाण्याची पाळी आलेली, आणि पाइपातून पाणी नळाच्या धारेसारखं. पंप उघडला. माझा बुश जसाच्या तसा, नुकताच ओतल्यासारखा. पण शाफ्टला असा खड्डा पडला होता की त्यात बोट बसत होतं. त्या राखेतल्या खरखरीत कणांनी स्वतः न झिजता लोखंड खाल्लं होतं. नवा शाफ्ट इंदापूरहून येऊन बसेपर्यंत नऊ दिवस गेले आणि टोकाच्या पट्ट्यातला ऊस पिवळा पडला. अण्णा बुश हातात देऊन एवढंच म्हणाले, "तुजा बुश लई चांगला निघाला गं. आता दिवळीत मांड त्याला."

बुश आणि शाफ्ट दोन्ही पिशवीत घालून मी तात्यांकडे गेले. त्यांनी शाफ्टच्या खड्ड्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती.

"झिजायचं कुणी, ते आदी ठरवायचं," ते म्हणाले. "दोगं एकमेकांवर फिरणार म्हणल्यावर एक झिजणारच. शाफ्ट सगळ्या पंपाचा कणा हाय. बुश काय, परत वतता येतो. बुशानं झिजावं, पण दमानं झिजावं. तेवढ्यासाठी आपली राख."

मग त्यांनी राख कमी केली आणि तिच्या जोडीला एक काळी भुकटी घातली. पेन्सिलीच्या शिशातली असते ती, ग्रॅफाइट. बोटाला तेलासारखी निसरडी लागते. तो काळा बुश घेऊन ते स्वतः एसटीनं वरकुट्याला आले, चिखलात उतरून पंपात बसवून गेले आणि अण्णांसमोर माझी चूक एका शब्दानंही काढली नाही. कॉलेजात त्याच मिश्रणाचा तुकडा चकतीवर धरला. झीज थोडी, आणि चकतीवर ओरखडासुद्धा नाही. माझ्या अख्ख्या प्रबंधातलं ते एकमेव सोन्यासारखं मिश्रण होतं. फक्त त्याचं प्रमाण मला माहीत नव्हतं. हे मिश्रण मुठीनं, समोर बसून होत नव्हतं. ते त्या खोलीत, कडी लावून व्हायचं.

प्रबंध द्यायची तारीख तीन आठवड्यांवर आली. मी रोज विचारायचे. "तात्या, राख किती, काळी भुकटी किती? दोन आकडे द्या, दुसरं काही नको." कधी "कशासाठी", कधी "बगू", कधी नुसता गुळाचा खडा. माझा जीव मेटाकुटीला आला. एका दुपारी ते बादली भरायला बाहेर आले तेवढ्यात मी दार ढकलून आत शिरले. आत काहीच नव्हतं. भिंतीला तीन चाळण्या, त्यातल्या दोन तर काकूंच्या पिठाच्या, एक पाटी, एक पत्र्याचा डबा. आणि हवेत राख. पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हात ती इतकी बारीक, इतकी दाट तरंगत होती की समोरची भिंत धूसर दिसत होती.

"भाईर!" तात्या असे ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. दंडाला धरून त्यांनी मला अक्षरशः ओढत बाहेर काढलं, चूळ भरायला लावली, तोंड धुवायला लावलं, आणि पुन्हा आत जाऊन कडी लावून घेतली. अपमानानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दारावर थाप मारून मी ओरडले, "ठेवा तुमचं गुपित तुमच्यापाशीच! मेल्यावर बरोबर घेऊन जा!"

आतून चाळणीचा आवाज यायला लागला. मी निघून आले.

प्रबंधात ते मिश्रण मी 'पुढील संशोधनाला वाव' या मथळ्याखाली दोन ओळींत उरकलं. डिग्री मिळाली, पण परीक्षकांनी विचारलेला पहिला प्रश्न त्या दोन ओळींवरच होता. "प्रमाण किती?" मला सांगता आलं नाही. त्या क्षणी तात्यांचा मला इतका राग आला की पेढे द्यायलासुद्धा मी त्यांच्याकडे गेले नाही. पुढे पुण्याजवळच्या एका कंपनीत, अशाच मिश्रणांच्या कामावर, नोकरी लागली आणि चार वर्षं निघून गेली.

काकूंचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. "ह्यांच्या छातीत धूळ बसलीया म्हणत्यात डॉक्टर. तुला बोलावत न्हाईत, पर तुजं नाव काढत्यात." मी त्याच रविवारी कोऱ्हाळ्याला गेले. तात्या पडवीत खाटेवर बसले होते, नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घुमत होतं. मुठी भरणारे ते हात काटकीसारखे झाले होते. मी पाया पडले. आधीच्या त्या बोलण्याची माफी मागायचं ठरवून आले होते, पण त्यांनी बोलूच दिलं नाही.

"तुज्या कंपनीत राख चाळाया काय हाय?"

मी सांगितलं. बंद मशीन आहे, वरून पोतं ओतलं की आतल्या आत चाळलं जातं, धूळ ओढून घ्यायला पंखा आहे.

"भाईर उडत न्हाय?"

"नाही, तात्या."

"आजाबात?"

"अजिबात नाही."

त्यांनी नाकाची नळी नीट बसवली. मग म्हणाले, "शंभराला राख बारा. काळी भुकटी पाच. लिव्ह."

माझ्याकडे वहीसुद्धा नव्हती. काकूंनी दिलेल्या पंचांगाच्या मागच्या पानावर मी ते दोन आकडे लिहिले. लिहिताना संताप येत होता. चार वर्षं! परीक्षक, प्रबंध, सगळं होऊन गेल्यावर! आयुष्यात पहिल्यांदा मीच त्यांना विचारलं, "आता कशासाठी सांगताय?"

"तवा सांगितलं आसतं तर तू सोता करून बगितलं आसतंस. धा येळा. तुजा सोभाव म्हायती न्हाय व्हय मला?" दर दोन शब्दांमागे ते थांबत होते. "करायचं म्हंजी चाळणं आलं, मी देतो तेवढी तुला पुरली नसती. आन तुज्याकडं तवा कुटलं मशीन?"

मग एकदम कळलं आणि मी जवळजवळ ओरडलेच, "म्हणजे धुळीचं तुम्हाला माहीत होतं!"

"कारखान्यात माज्या बरुबरची राख काढणारी मानसं बगितलीत की मी."

"मग मास्क का नाही लावला? गूळ, गूळ काय करत बसलात?"

"मास्क लावला की वास येत न्हाय," तात्या म्हणाले, जणू मी अजूनही काही न कळणारी विद्यार्थिनी होते. "वली राख मिश्रणात गेली आसती तर कुणाचा तरी पंप बसला आसता." आणि उशाखालचा डबा काढून त्यांनी मला गुळाचा खडा दिला. मी तो रडत रडत खाल्ला.

महिनाभरात तात्या गेले.

मागच्या उन्हाळ्यात आमचा पंप उघडला. तात्यांनी चिखलात उतरून बसवलेला काळा बुश अण्णांनी काढून माझ्या हातावर ठेवला. तो झिजून पत्र्याइतका पातळ झाला होता. शाफ्ट लखलखीत, ओरखडासुद्धा नाही. अण्णांनी तो धुऊन पुसून भिंतीतल्या दिवळीत ठेवला, तिथं आधीच मांडलेल्या माझ्या त्या न झिजलेल्या बुशाशेजारी. आता घरी गेले की आधी नजर तिथं जाते, आणि जाते तेव्हा दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सगळ्या तालुक्याच्या पंपांची काळजी वाहिलीत, माझ्या छातीची वाहिलीत. खुंटीला टांगलेला तो एक मास्क तोंडाला लावायला तुम्हाला काय झालं होतं, तात्या?